आगाऊ आभार

"मार्थाबाई, तुमचा हात बरा झाला."

तबिथाबाई उजगरेंनी ही बातमी दारातच, चपला काढता काढता दिली. मी पलंगावर बसले होते आणि माझा डावा हात माझ्या मांडीवर पडला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं काही केलं नाही.

"कोणाचा?" मी विचारलं.

"तुमचा. आज सकाळी प्रार्थनेत मला खात्री मिळाली. अगदी स्पष्ट."

"मला तर त्यानं काही कळवलं नाही."

"कळवील. शनिवारपर्यंत कळवील." तबिथाबाई खुर्चीत बसल्या. खुर्ची कुरकुरली, पण त्यांच्यापुढे जास्त बोलायची तिचीही हिंमत नव्हती. "शनिवारी संध्याकाळी तुमच्या अंगणात उपकारस्तुतीची सभा ठेवलीय. पाळकसाहेबांना सांगून आलेय. मांडववाल्यालाही सांगितलं. मटणाचं बोलणं झालं."

"सभा कशाबद्दल?"

"हात बरा झाल्याबद्दल."

"अहो, पण तो झालेला नाही!"

"म्हणून तर आधी ठेवायची." तबिथाबाई माझ्याकडे चौथीच्या वर्गातल्या मठ्ठ पोराकडे पाहावं तशा पाहू लागल्या. शाळेत मी स्वतः आयुष्यभर लोकांकडे तसं पाहिलेलं असल्यामुळे ती नजर मी लगेच ओळखली. "बरं झाल्यावर आभार मानणं ही नुसती रीत झाली. पत्र हातात पडल्यावर माणूस पोस्टमनचेसुद्धा आभार मानतो. हातात पडायच्या आधी मानायचे, त्याला विश्वास म्हणतात."

 

"आणि शेवटचं गीत तुम्ही पेटीवर वाजवायचं," असं म्हणून त्या उठल्या आणि सोबत आणलेलं मऊ भाताचं खिमट ठेवून गेल्या. खिमट चांगलं होतं. त्या बाईच्या हाताला चव होती, हे मला नेहमी कबूल करावं लागे आणि मी ते कधी बोलून दाखवत नसे.

आमचं गाव प्रवरेकाठचं. आमच्या मंडळीत कोणाला मूल झालं, कोणी ऑपरेशनमधून उठलं, कोणाचा मुलगा नोकरीला लागला की घरी उपकारस्तुतीची सभा होते. अंगणात सतरंज्या अंथरायच्या, गीतं गायची, प्रार्थना करायची, ज्याच्यावर उपकार झाला त्यानं उभं राहून साक्ष द्यायची, मग जेवायचं. पण हे सगळं काम झाल्यावर. नवस बोलणं आमच्यात नाही, म्हणून देवाला आधीच आभार मानून पेचात पकडायची ही युक्ती तबिथाबाईंनी शोधून काढली होती.

मार्चमध्ये शाळेत पेपर तपासताना मला अर्धांगाचा झटका आला. त्यातून बरंच काही परत मिळालं. तोंड वाकडं झालं होतं ते सरळ झालं. आमचे हे म्हणाले की मुळात ते थोडं वाकडंच होतं, त्यामुळे आता आधीपेक्षा बरं दिसतं. पाय परत आला, थोडा घसटत. डावा हात मात्र आला नाही. नगरच्या डॉक्टरांनी माझी बोटं चिमटून पाहिली आणि म्हणाले, जेवढं यायचं तेवढं आलं, आता राहिलेल्याची सवय करा.

दुसऱ्या कोणाला कदाचित डाव्या हाताची सवय मोडता आली असती. पण मी चर्चमध्ये पेटी वाजवत होते. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून त्या पेटीला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता, आणि लागू नये म्हणून मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं होतं. पेटी म्हणजे उजव्या हातानं सूर आणि डाव्या हातानं भाता. भाता थांबला की सगळे सूर लाकडाच्या पट्ट्या होतात. चर्चमध्ये मिशनच्या काळचा पायानं दाबायचा ऑर्गनही होता, पण त्यात उंदरांच्या कित्येक पिढ्या सुखानं नांदून गेल्या होत्या.

मार्चपासून रविवारी मंडळी पेटीशिवाय गात होती. म्हणजे मंडळी तबिथाबाईंच्या मागे आणि तबिथाबाई तालाच्या मागे. हे आमचं जुनं भांडण. त्या मुलींच्या वसतिगृहाच्या मेट्रन होऊन गावात आल्या, तेव्हाच तरुण विधवा होत्या. आल्या त्याच रविवारी त्यांनी पहिल्या गीताच्या पहिल्या ओळीचा शेवटचा सूर धरला तो सोडेचनात. मी दुसऱ्या ओळीच्या मध्यावर पोहोचले तरी त्या तिथेच. तेव्हापासून मी त्यांना ओढायचं आणि त्यांनी मला मागे खेचायचं, असं आमचं रविवारचं चाले. एका शुभ शुक्रवारी तर मी वैतागून पेटी धाडकन बंद केली होती. तबिथाबाई पुढची दोन कडवी एकट्या गायल्या आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "सलाम मार्थाबाई, आज सूर छान लागला." अशा बाईचं काय करणार?

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले. सुमंत अमोलिक माझ्या हाताखाली चौथी पास झालेला, तीही दुसऱ्या खेपेला. लोकांत मी त्याला पाळकसाहेब म्हणे, घरात सुमंत.

"सुमंत, ही सभा रद्द कर," मी म्हटलं.

"बाई, मांडव उद्या पडतोय."

"मग दुसऱ्या कशाबद्दल तरी कर. पाऊस झाला म्हणून कर."

"पाऊस झाला नाही बाई."

"मग तोही आगाऊ धरा! तुमच्याकडे आता तीच पद्धत आहे ना?"

सुमंत खुर्चीच्या टोकावर बसला होता, पाढे चुकल्यावर बसायचा तसा. "तबिथाबाईंना कोण सांगणार?" तो हळूच म्हणाला. "बाई, त्या तीन दिवस उपाशी राहिल्या होत्या तुमच्यासाठी. तुम्हाला हे सांगू नका असं मला म्हणाल्या होत्या. आणि... देवाला अशक्य थोडंच आहे? तुम्ही फक्त विश्वास धरा."

"आणि शनिवारी हात नाही हलला तर?"

सुमंत खुर्चीच्या टोकावरून आणखी पुढे सरकला. प्रामाणिक मुलगा. त्याचं गणित कच्चं असलं तरी हा हिशोब त्यालाही येत होता. हात नाही हलला तर मंडळीत कोणी देवाला बोल लावणार नव्हतं. माझाच विश्वास कमी पडला असं निघणार होतं. म्हणजे हात गेला तो गेलाच, वर चारचौघांत मी अविश्वासू ठरणार.

तबिथाबाई तीन दिवस उपाशी राहिल्या हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला. ज्या बाईशी वीस वर्षं भांडावं तिनं आपल्यासाठी उपास करावा, हा काय न्याय झाला?

शनिवारी दुपारी आमचे हे माझी वेणी घालत होते. हे काम त्यांच्याकडे मार्चपासून आलं होतं. शमुवेल काळोखे, इरिगेशनमधून रिटायर. पाटाचे दरवाजे उघडायचे आणि बंद करायचे एवढंच आयुष्यभर केलेलं, आणि माझ्या केसांनाही ते त्याच पद्धतीनं हाताळत.

"तू संध्याकाळी काय सांगणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, थोडा थोडा हलू राहिला, असं सांग. थोडा थोडा म्हणजे किती, ते कोण मोजतंय? लोक खूश. जेवण करून घरी जातील."

"म्हणजे देवाच्या नावानं खोटं बोलू?"

"मोठं कशाला? बोटाएवढंच." त्यांनी वेणीचा तिसरा पेड दुसऱ्यात घुसवला आणि सगळं परत सोडलं. मग जरा वेळानं म्हणाले, "तू मागतेस ना अजून? हात?"

मी मागत होते. रोज मागत होते, पण आमच्या मंडळीत ऐकवता येईल अशी ती प्रार्थना नव्हती. मी देवाशी सौदा करत होते. पाय घे, त्याची मला इतकी गरज नाही. राहिलेले दात घे, त्यातले बरेच तू आधीच नेलेस. कान घे म्हटलं असतं, पण मग पेटी कशी ऐकू येणार. तू मुलं दिली नाहीस तेव्हा मी काही बोलले का? पेटी तेवढी माझी होती, ती कशाला नेलीस? असं सगळं. कधीकधी मी रागानं उशीच्या अभ्र्याला चावून रडत असे, आणि पलीकडे हे झोपल्याचं सोंग करून पडलेले असत.

"मागतेय," मी म्हटलं.

"मग मागत राहा," असं म्हणून त्यांनी वेणीला रबर लावलं. वेणी माझ्या उजव्या कानामागून निघून डाव्या खांद्यावर कशी आली, ते मला आजही कळलेलं नाही.

संध्याकाळी अंगण भरलं. सगळी मंडळी आली होती. आगाऊ उपकारस्तुती म्हणजे काय, हे पाहायला आली नसेल कशावरून? मागच्या चुलीवर मटण शिजत होतं आणि त्याचा वास प्रार्थनेत सारखा लुडबूड करत होता. सगळ्यांत पुढे, मखमली कापड घातलेली पेटी. चर्चमधून आणून, पुसून, चौरंगावर ठेवलेली. तिच्याकडे मी मार्चनंतर पहिल्यांदाच पाहत होते. 

तबिथाबाईंनी प्रार्थना केली. भरपूर केली. त्यांनी माझ्या हाताबद्दल देवाचे इतके आभार मानले की मध्येच मी पदराआड पाहून खात्री करून घेतली. हात तसाच होता. त्या म्हणत होत्या, "हे प्रभू, मी जराही शंका ठेवलेली नाही. एवढीसुद्धा नाही. तू जाणतोस." हे त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की मला जरा नवल वाटलं.

मग पाळकसाहेब उठले आणि घाम पुसत म्हणाले, "आता आपल्या भगिनी मार्थाबाई काळोखे..." पुढचं वाक्य त्यांनी देवावर सोडलं.

मी घसटत पेटीपाशी गेले. ह्यांनी मला बसवलं, माझा डावा हात उचलून भात्यावर ठेवला, बोटं नीट पसरली आणि बाजूला झाले. हात तिथे वाळत घातलेल्या पंच्यासारखा राहिला. अंगणात इतकी शांतता झाली की मटणाचं खदखदणं ऐकू येऊ लागलं.

मी हाताला म्हटलं, चल.

खरंच म्हटलं. मनापासून म्हटलं. त्या घडीला माझ्याकडे जेवढा विश्वास होता तेवढा सगळा गोळा करून त्या मनगटापाशी नेला. मला वाटलं, कोण जाणे, एवढ्या लोकांची लाज राखायला तरी.

हात भात्यावरून खाली आला.

"हाललं!" पहिल्या सतरंजीवरून याकोबअप्पा ओरडले. अप्पांचं वय इतकं झालं होतं की त्यांना समोरचा माणूसही सांगावा लागे. "बोट हाललं! म्या पाह्यलं!"

"प्रभूची स्तुती असो!" सगळं अंगण एकदम उसळलं. बायका रडायला लागल्या. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. सुमंतच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की चौथी पास झाल्याच्या दिवशीही मी तो पाहिला नव्हता. आणि तबिथाबाई दोन्ही हात वर करून, डोळे मिटून उभ्या होत्या, गालांवरून पाणी वाहत होतं.

आता मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. बोटाएवढं खोटं माझ्यासाठी अप्पांनी परस्पर बोलून टाकलं होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते.

"अप्पा," मी म्हटलं, "हाललं नाही. घसरलं."

"आं?"

"घ-स-र-लं!"

हे मात्र अप्पांसकट सगळ्यांनी ऐकलं. टाळ्या एकेक करून थांबल्या. तबिथाबाईंचे हात अजून वरच होते, ते खाली घ्यायचे त्यांना सुचेना. मग लोक माझ्याकडून वळून त्यांच्याकडे पाहू लागले. मला वाटलं होतं की त्या दिवशी फजिती माझी होणार. पण लोकांच्या नजरा पाहिल्या आणि कळलं, फजितीचं पान दुसरीकडे वाढलं जात होतं.

मला साक्ष द्यायला उभं राहता आलं नाही. बसूनच दिली.

"मंडळी, हात बरा झालेला नाही. मी मागितला. भांडून मागितला. पायाच्या बदल्यात मागितला, दातांच्या बदल्यात मागितला. त्यानं दिला नाही. का दिला नाही ते मला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे असं वाटतं त्यांनी मेहरबानी करून जेवण झाल्यावर सांगावं." मागे कोणीतरी हसलं आणि गप्प झालं. "पण आपण आभार मानायला जमलोय, तर मानू. हा हात मी जन्मभर माझा समजत होते. तो त्याचा होता. त्यानं तो बंद करून ठेवला तरी मी त्याच्यावर रुसून जाणार कुठे? मी त्याचीच आहे. एवढीच साक्ष."

 मी ठरवून बोलले नव्हते. बोलून झाल्यावर कळलं की मी जे बोलले ते खरं होतं, आणि दुपारपर्यंत ते खरं नव्हतं.

मग मी उजव्या हातानं पहिला सूर दाबला. टक्. नुसतं लाकूड. दुसरा दाबला. टक्.

आमच्याकडे दोघांनी मिळून पेटी वाजवायची म्हणजे शिकाऊ मुलांचा खेळ. एकानं समोर बसून भाता मारायचा, दुसऱ्यानं सूर शोधायचे. शाळेत गाण्याच्या तासाला मी असं वाजवणाऱ्यांना हाकलून देत असे.

"तबिथाबाई," मी हाक मारली, "इकडे या. भाता मारा."

त्यांनी हात खाली घेतले. "मला येत नाही."

"मला तरी आता कुठे येतो?"

वीस वर्षांत मी त्या बाईकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्यांनी दिलेलं खिमटसुद्धा मी, नाही म्हणायला जमलं नाही म्हणून, खात होते. त्या आल्या आणि पेटीच्या पलीकडे, माझ्या तोंडासमोर बसल्या. इतक्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी भात्याची खिट्टी काढली. त्यांनी भाता दोन्ही हातांनी असा रेटला की पेटी किंचाळली आणि पुढच्या रांगेतलं एक तान्हं पोर रडायला लागलं.

"हळू! पापड नाही लाटायचे!"

"तुम्ही वाजवा हो गप!"

आणि आम्ही गीत वाजवलं. तबिथाबाई गात गात भाता मारत होत्या आणि जिथे त्यांनी सूर धरला तिथे त्या जोरात मारत, जिथे नाक पुसायला थांबल्या तिथे पेटीही थांबली. पुढच्या ओळीवर पळायची माझी काही सोयच राहिली नव्हती. वारा त्यांच्याकडे होता. चढावर बैलगाडी जावी तसं ते गीत गेलं, आणि याकोबअप्पा, जे नेहमी एक ओळ मागे असायचे, ते पहिल्यांदाच आमेनला सगळ्यांबरोबर पोहोचले.

मग पंगत बसली. मटणानं सगळ्यांची समजूत काढली. आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. मला उठवायला हे यायचे होते आणि ते वाढण्यात गुंतले होते. तबिथाबाई का उठत नव्हत्या ते मला कळेना.

"मार्थाबाई," त्या खाली पाहत म्हणाल्या, "माझं या वेळी काय चुकलं?"

"या वेळी म्हणजे?"

त्यांनी भाता हळूच ओढला. मी सूर दाबला नव्हता, त्यामुळे पेटीतून नुसता श्वास आला.

"आमच्या ह्यांना अर्धांगच झाला होता. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी उशाशी बसून मागत होते हो, रात्रंदिवस. रडत होते, मागत होते. ते गेले. मातीहून परत आल्यावर सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, हिनं नुसती भीक मागितली. विश्वास असता तर आधी आभार मानले असते. हिच्या अविश्वासानं माझा मुलगा गेला." त्यांनी पदरानं भाता पुसला. तो स्वच्छच होता. "म्हणून या वेळी आधीच मानले. सगळ्यांना बोलावून मानले. तरी कुठेतरी मनात शंका राहिली असेल का माझ्या? म्हणून तुमचा हात..."

 मी वीस वर्षं त्यांच्या तालावर टोमणे मारत होते आणि हे ओझं घेऊन त्या माझ्यासमोर गात होत्या.   

"तबिथाबाई, माझा हात बघा. हलतोय?"

"नाही."

"तुम्ही माझ्यासाठी आभार मानले?"

"मानले."

"आधी?"

"आधीच की."

"मटणासकट?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी थट्टा करतेय की काय, हे त्यांना कळेना. "मटणासकट," त्या म्हणाल्या.

"शंका?"

"नव्हती हो. एवढीसुद्धा नव्हती. तीन दिवस..." त्या एकदम थांबल्या.

"तरी हात तसाच आहे," मी म्हटलं. "आभार मानून जर माणूस बरा होत असता, तर आत्ता मी तुम्हाला चापट मारली असती, डाव्या हातानं. तुमचे हे तुम्ही आभार मानले नाहीत म्हणून गेले नाहीत, तबिथाबाई. ते गेले. तुमच्या सासूबाईंना काही ठाऊक नव्हतं."

 तबिथाबाईंनी पेटीवरून वाकून माझा डावा हात उचलला, आपल्या दोन्ही तळव्यांत धरला आणि त्याच्याकडे पाहत राहिल्या. मला त्यांचा स्पर्श कळत नव्हता. डोळ्यांनी मात्र दिसत होतं, त्यांनी तो किती घट्ट धरलाय. मग त्या रडायला लागल्या. त्यांचं रडणंही त्यांच्या गाण्यासारखंच, सूर धरला की सोडायचा नाही. सुमंत हातातलं ताट तसंच घेऊन धावत आला.

"बाई, काय झालं? भांडण?"

"काही नाही," मी म्हटलं. "तू जेव."

तो गेला. तबिथाबाईंनी माझा हात सोडला नाही. मी तिथे बसून विचार करत होते, आज हा हात हलला असता तर? मी पेटी वाजवली असती, मंडळी आनंदानं नाचली असती, आणि ही बाई घरी जाऊन, आपण आभार मानले असते तर नवरा वाचला असता हे आता अगदी सिद्धच झालं, असं म्हणत मरेपर्यंत जळत राहिली असती.

ठेव तो तुझ्याकडेच, मी देवाला म्हटलं. वर न पाहता म्हटलं, कारण समोर पाहण्यासारखं बरंच काही होतं.

त्यानंतर मी तो हात कधी मागितला नाही.